काचेच्या बशीबाहेरची माणसं

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आधाराशिवाय त्याला बसता येत नाही. पण मोबाईलवर कुठलं गाणं लावायचं हे तो डोळ्यांनी बरोबर सांगतो, आणि चुकीचं लावलं तर चिडतो.

"अगं, एका क्लिनिकमधून फोन आला होता," ताई म्हणाली. "स्टेम सेलची ट्रीटमेंट देतात म्हणे. तीन सेशन घ्यावी लागतात. ह्यांनी व्हिडिओ पाहिलेत, त्यात मुलं चालायला लागलीयत. तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघून सांग, खरं आहे का हे."

तिने सांगितलेली रक्कम म्हणजे त्या दोघांची सगळी एफडी आणि वर थोडं कर्ज होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जीवशास्त्राशी माझा संबंध अकरावीत विषय निवडताना संपला. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे घरचा प्रिंटर चालू करणारी, विम्याचे कागद वाचणारी आणि आता हेही बघणारी. त्या रात्री वाचायला बसले आणि पुढचे दोन महिने वाचतच राहिले. स्टेम सेल हा शब्द टाकला की उपचारांइतकाच एक वाद समोर येतो. चाळीस वर्षांचा, राष्ट्राध्यक्षांपासून पोपपर्यंत सगळ्यांनी घातलेला वाद. त्यातला बहुतेक भाग एकाच प्रश्नावर आहे: खसखशीच्या दाण्याहूनही लहान असलेला, पाच दिवसांचा पेशींचा गोळा माणूस आहे की नाही?

ताईचा प्रश्न त्या वादात मला आधी कुठेच दिसला नाही. नंतर दिसला, पण कडेकडेला. हा लेख त्या कडेबद्दल आहे.

चौदा हा आकडा कुठून आला?

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राउनचा जन्म झाला. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी ही आनंदाची बातमी होती, पण तिच्यासोबत एक नवी अडचण आली. इतिहासात पहिल्यांदाच मानवी भ्रूण आईच्या शरीराबाहेर, काचेच्या बशीत ठेवता येऊ लागला. एका वेळी अनेक स्त्रीबीजं फलित करतात, त्यातले एक-दोन भ्रूण गर्भाशयात सोडतात. उरलेल्यांचं काय करायचं? गोठवायचे? टाकून द्यायचे? त्यांच्यावर संशोधन करायचं?

ब्रिटिश सरकारने १९८२मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष होत्या मेरी वॉर्नॉक. त्या ना डॉक्टर होत्या ना वैज्ञानिक, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक होत्या. समितीत डॉक्टर, वकील, समाजसेवक, धर्माचे अभ्यासक असे सगळे होते आणि त्यांचं एकमत होणं अशक्य होतं. १९८४च्या अहवालात त्यांनी एक आकडा दिला: १४ दिवस. तोपर्यंत भ्रूणावर संशोधन करता येईल, त्यानंतर नाही.

कोडमध्ये कुणी असा नुसता आकडा लिहिला की रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येतो, हा कुठून आणला? वॉर्नॉक समितीकडे उत्तर होतं. साधारण पंधराव्या दिवसाच्या सुमाराला भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते. शरीराचं डोकं कुठे आणि पाय कुठे, डावं कुठे आणि उजवं कुठे, हे त्या रेघेनंतर ठरतं. रेघ उमटण्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी मुलं जन्मू शकतात. म्हणजे तिथे 'एक व्यक्ती' आहे असं म्हणणंही घाईचं ठरतं. समितीतल्या भ्रूणतज्ज्ञ अ‍ॅन मॅकलॅरन यांनी हे बाकीच्यांना समजावून दिलं.

पण मला आवडलं ते वॉर्नॉकबाईंचं दुसरं कारण. निसर्गात चौदाव्या दिवशी घंटा वाजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दिवस कुणालाही मोजता येतात. प्रयोगशाळेतल्या माणसाला, तपासनिसाला, न्यायाधीशाला. ज्यांचं एकमत कधीच होणार नाही त्यांना एका देशात राहायचं असेल, तर सगळ्यांना मोजता येईल अशी रेघ लागते. १९९०मध्ये ब्रिटनने तिचा कायदा केला. पुढे अनेक देशांनी हीच मर्यादा घेतली. भारताच्या नियमांतही तोच आकडा आहे.

ही रेघ इतकी वर्षं टिकली त्यामागे एक सोयीची गोष्ट होती. भ्रूण चौदा दिवस बशीत जगवणं कुणाला जमतच नव्हतं. २०१६मध्ये दोन गट बारा-तेरा दिवसांपर्यंत पोचले आणि नियमामुळे थांबले. २०२१मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौदा दिवसांपुढचं संशोधन आपल्या 'कधीच करू नये' या यादीतून काढलं. बहुतेक देशांच्या कायद्यात मात्र रेघ अजून आहे.

मॅडिसनमधली वेगळी खोली

स्टेम सेल म्हणजे काय, हे थोडक्यात. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. त्वचेची पेशी त्वचेचंच काम करते. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि तिच्यापासून वेगळ्या कामाच्या पेशीही बनतात. हाडांच्या मगजातल्या मूळपेशी रक्त बनवतात. ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात तो याच पेशींचा उपयोग. तो उपचार जुना आणि सिद्ध आहे, त्याबद्दल फारसा वाद नाही.

वाद भ्रूणातल्या मूळपेशींचा. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात आतल्या बाजूला पेशींचा एक पुंजका असतो आणि त्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते. १९८१मध्ये उंदराच्या भ्रूणातून त्या वेगळ्या करता आल्या. माणसाच्या बाबतीत ते जमायला आणखी सतरा वर्षं लागली. नोव्हेंबर १९९८मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी ते केल्याचं जाहीर केलं. भ्रूण टेस्ट ट्यूब उपचारांत उरलेले होते, जोडप्यांनी संमतीने दिलेले. त्यातून पेशींच्या पाच वंशरेषा तयार झाल्या. वंशरेषा म्हणजे एका भ्रूणातून घेतलेल्या, पुढे वर्षानुवर्षं वाढवत राहता येतील अशा पेशी. मात्र त्या काढताना भ्रूण नष्ट होतो.

भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा द्यायचा नाही, असं अमेरिकी संसदेने १९९६मध्येच ठरवलं होतं. म्हणून थॉमसन यांनी हे काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या उपकरणांवर, जेरॉन नावाच्या खासगी कंपनीच्या पैशांतून केलं. सुरू करण्याआधी त्यांनी विद्यापीठातल्या नीतितज्ज्ञांशी चर्चा केली. पुढे एका मुलाखतीत त्यांनी असा अर्थाचं म्हटलं, की या संशोधनाने तुम्हाला थोडंसंही अस्वस्थ वाटत नसेल तर तुम्ही पुरेसा विचार केलेला नाही.

मग वाद पेटला. कॅथलिक चर्चचं म्हणणं, गर्भधारणेच्या क्षणापासून ते मानवी जीवन आहे, त्याचा वापर करता येणार नाही. अनेक ज्यू धर्मगुरूंच्या मते गर्भाशयाबाहेरच्या भ्रूणाला तो दर्जाच नाही, आणि जीव वाचवणारं संशोधन करणं हे तर कर्तव्य. जर्मनीला हिटलरच्या काळातल्या प्रयोगांची आठवण असल्याने तिथला कायदा फार कडक होता. तरी २००२मध्ये त्यांनी वाट काढली: देशात भ्रूण नष्ट करायचा नाही, पण परदेशात ठरावीक तारखेआधी तयार झालेल्या पेशी आयात करता येतील.

संशोधनाच्या बाजूचा मुख्य मुद्दा साधा होता. उरलेले भ्रूण नाहीतरी टाकूनच देणार, मग त्यातून कुणाचं भलं झालं तर काय बिघडलं? विरोधकांचं उत्तरही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं: जो मरणारच आहे त्याला वापरून घ्यायला आपण इतर कुठे परवानगी देतो? दोन्ही बाजू वाचताना मी दोन्हीकडे मान डोलावली. माझं मत शेवटी संशोधनाच्या बाजूला झुकतं. पण समोरचे लोक मूर्ख नव्हते, हे मला वाचायच्या आधी माहीत नव्हतं.

९ ऑगस्टची संध्याकाळ आणि मुंबईचं नाव

९ ऑगस्ट २००१च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टेक्सासमधल्या आपल्या रँचवरून देशाला उद्देशून भाषण केलं. पूर्ण भाषण याच विषयावर. निर्णय असा: आजपर्यंत ज्या वंशरेषा तयार झाल्यात त्यांच्यावरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल. यापुढे नवे भ्रूण नष्ट करून बनवलेल्यांना नाही.

आमच्या क्षेत्रात हे रोज चालतं. जुने ग्राहक जुन्या दरात, नवे नव्या दरात. तारीख टाकली की भांडण मिटतं. पण इथे तारखेच्या अलीकडचा भ्रूण आणि पलीकडचा भ्रूण यांत फरक काय, हे कुणालाच नीट सांगता येईना. दोन्ही बाजू नाराज झाल्या.

त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने पात्र वंशरेषांची यादी जाहीर केली. जगातल्या दहा प्रयोगशाळा, ६४ वंशरेषा. त्यात स्वीडन, इस्राएल, ऑस्ट्रेलिया होते आणि दोन नावं भारतातली होती. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे तीन आणि मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे सात. वॉशिंग्टनमधल्या वादातली जवळजवळ प्रत्येक सहावी वंशरेषा आपल्याकडे होती. कागदावरच्या ६४पैकी अमेरिकी संशोधकांच्या हातात प्रत्यक्षात पोचल्या त्या वीस-बावीसच. बाकीच्या वापरण्याजोग्या स्थितीत नव्हत्या किंवा मिळाल्या नाहीत.

पुढची पाच वर्षं हा विषय निवडणुकांच्या व्यासपीठावर होता. २००४च्या जूनमध्ये रोनाल्ड रेगन अल्झायमरने गेले. त्यांच्या पत्नी नॅन्सी स्वतः रिपब्लिकन गोटातल्या, पण संशोधनाच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या ऑक्टोबरमध्ये 'सुपरमॅन' ख्रिस्तोफर रीव्ह यांचं निधन झालं. घोड्यावरून पडून ते मानेखाली लुळे झाले होते आणि नऊ वर्षं या संशोधनासाठी भांडत होते. दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स प्रचारसभेत म्हणाले, की जॉन केरी निवडून आले तर रीव्हसारखी माणसं व्हीलचेअरमधून उठून चालू लागतील. २००६मध्ये बुश यांनी आपला पहिलावहिला नकाराधिकार याच विषयावर वापरला. तेव्हा त्यांच्याभोवती लहान मुलं होती, दुसऱ्यांच्या उरलेल्या भ्रूणांतून दत्तक आई-बापांना झालेली.

एका बाजूने मुलं मंचावर आणली, दुसऱ्या बाजूने आजारी माणसं. एडवर्ड्स यांच्या त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तेव्हा जगात एकाही लुळ्या माणसाला भ्रूणपेशींनी चालवलेलं नव्हतं, तसा एकही प्रयोग माणसावर सुरू झालेला नव्हता. वाद जिंकायचा म्हणून आशा वाढवून सांगितली गेली. भ्रूण माणूस आहे का यावर लोक भांडत होते, पण 'स्टेम सेलने माणसं चालू लागतील' यावर मित्र आणि शत्रू दोघांनी जणू विश्वास ठेवला होता. दाजींनी पाहिलेले व्हिडिओ बनवणाऱ्यांना हे वाक्य नव्याने शोधावं लागलं नाही.

सोलमधली स्त्रीबीजं

या इतिहासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग दक्षिण कोरियातला आहे.

ह्वांग वू-सुक हे सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतले पशुवैद्यक. फेब्रुवारी २००४मध्ये त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दावा केला, की आपण माणसाच्या पेशीपासून क्लोन केलेला भ्रूण बनवला आणि त्यातून मूळपेशी मिळवल्या. मे २००५मध्ये दुसरा दावा: अकरा वंशरेषा, रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून. म्हणजे ज्याच्या त्याच्या मापाचा उपचार, शरीर नाकारणारच नाही असा. कोरियाने त्यांना 'सर्वोच्च वैज्ञानिक' ठरवलं. टपाल खात्याने तिकीट काढलं. त्यावर व्हीलचेअरमधला माणूस टप्प्याटप्प्याने उठतो, उडी मारतो आणि शेवटी कुणाला तरी मिठीत घेतो.

क्लोनिंगची ही पद्धत अशी. स्त्रीबीजातलं केंद्रक काढून टाकायचं, रुग्णाच्या पेशीचं केंद्रक त्यात घालायचं. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला एक ताजं स्त्रीबीज लागतं. आणि ते बाईच्या शरीरातून येतं. साधारणपणे महिन्याला एक तयार होतं. एकदम दहा-पंधरा हवी असतील तर बाईला बरेच दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि मग सुईने ती बीजं काढावी लागतात. काहींच्या पोटात पाणी साठतं, क्वचित जिवावर बेततं. पहिल्या लेखात २४२ स्त्रीबीजं वापरल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात १८५. सगळी स्वेच्छेने दिलेली, पैसे न घेता, असं दोन्हीकडे.

मे २००४मध्येच 'नेचर'च्या वार्ताहराला ह्वांग यांच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं, की बीजं देणाऱ्यांत मी स्वतः आहे. नंतर तिने शब्द मागे घेतले. माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणाली. ह्वांग यांनी इन्कार केला आणि गोष्ट तिथेच दबली. आपल्या गाइडला, ज्याच्या सहीवर आपली पदवी अवलंबून आहे त्याला, 'नाही' कसं म्हणायचं? वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांत १९६४पासून याचं उत्तर आहे: जी व्यक्ती तुमच्यावर अवलंबून आहे तिच्या संमतीबाबत जास्त सावध राहा.

जून २००५मध्ये त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या र्यू यंग-जून या तरुण डॉक्टरने एमबीसी वाहिनीच्या शोधपत्रकारांना लिहिलं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या एका लहान मुलावर या पेशींचा प्रयोग करायचं घाटत होतं. आणि पेशी खऱ्या नाहीत, असा त्याला संशय होता. भ्रूणाच्या दर्जाबद्दलच्या मतभेदाने तो बोलायला उठला नव्हता. त्याच्यासमोर एक मुलगा होता.

नोव्हेंबरमध्ये एकेक पदर उलगडला. ह्वांग यांच्या अमेरिकी सहकाऱ्याने साथ सोडली. काही बायकांना बीजांचे पैसे दिले होते हे बाहेर आलं. २४ नोव्हेंबरला ह्वांग यांनी मान्य केलं, की प्रयोगशाळेतल्या दोन मुलींची बीजं वापरली होती. तुम्हाला वाटेल लोक ह्वांग यांच्यावर चिडले. चिडले ते वाहिनीवर. जाहिरातदारांनी कार्यक्रमातून जाहिराती काढल्या, वाहिनीच्या दारात मेणबत्त्या घेऊन लोक बसले. हजाराहून जास्त बायकांनी आपली बीजं द्यायची तयारी दाखवली. प्रयोगशाळेच्या वाटेवर फुलं ठेवली गेली.

शेवटी गाठोडं सुटलं ते कोरियातल्या तरुण जीवशास्त्रज्ञांच्या एका ऑनलाइन मंचावर. डिसेंबरच्या सुरुवातीला कुणीतरी नाव न सांगता दाखवून दिलं, की २००५च्या लेखातल्या, वेगवेगळ्या वंशरेषांचे म्हणून छापलेल्या फोटोंच्या काही जोड्या एकच आहेत. फक्त जरा सरकवलेल्या, वेगळ्या कापलेल्या. हे वाचताना मला आमच्या कामातलं दोन फायली शेजारी ठेवून फरक बघणं आठवलं. जगातल्या नामांकित परीक्षकांना जे दिसलं नाही, ते घरी बसून दोन चित्रं शेजारी ठेवणाऱ्याला दिसलं.

१० जानेवारी २००६ रोजी विद्यापीठाच्या चौकशी समितीने सांगितलं, की दोन्ही लेखांतला पुरावा बनावट आहे. रुग्णांच्या मापाची एकही वंशरेषा नव्हती. आणि स्त्रीबीजं? लेखांत मिळून ४२७ सांगितली होती. प्रत्यक्षात शंभराहून जास्त बायकांकडून दोन हजारांहून जास्त घेतली होती.

इतक्या बायकांनी इंजेक्शनं घेतली, सुया टोचून घेतल्या आणि हाती आलं शून्य. २००९मध्ये न्यायालयाने ह्वांग यांना निधीचा अपहार आणि जैवनीती कायद्याचा भंग यासाठी दोषी ठरवलं. शिक्षा स्थगित झाली, तुरुंगात जावं लागलं नाही.

२००४ सालच्या बातम्या पुन्हा पाहिल्या तर त्यात नीतीची चर्चा भरपूर आहे. क्लोन माणूस जन्मेल का, भ्रूणाचा आदर राखला का. बीजं दिलेल्या बायका त्या चर्चेत जवळजवळ नाहीतच. सगळे बशीत डोकावत होते.

आपल्याकडे २०२१च्या एआरटी कायद्यात वंध्यत्व उपचारांपुरतं याचं एक उत्तर आहे. स्त्रीबीज देणारी बाई २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देता येईल, आणि एका वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. माझं वय त्यात बसतं. सात हा आकडा वाचला आणि मला वॉर्नॉकबाईंचा चौदा आठवला. हीही मोजता येणारी रेघच आहे, फक्त ही बशीबाहेरच्या बाईसाठी आखलेली आहे.

क्योतो, कोबे आणि धीर

ह्वांग प्रकरणाची धूळ बसत होती तेव्हाच जपानमधून बातमी आली. क्योतो विद्यापीठाचे शिन्या यामानाका मुळात हाडांचे डॉक्टर. एकदा मित्राच्या वंध्यत्व क्लिनिकमध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला आणि त्यांना वाटलं, हा आणि माझ्या मुली यांत फरक तो किती! दुसरा मार्ग शोधायलाच हवा. भ्रूणात काम करणारे २४ जनुक त्यांच्या गटाने निवडले, एकेक वगळत चारवर आणले. ते चार जनुक उंदराच्या साध्या पेशीत घातले आणि ती पेशी मागे जाऊन भ्रूणपेशीसारखी झाली. हे २००६मध्ये. नोव्हेंबर २००७मध्ये माणसाच्या पेशींवर तेच जमलं. योगायोग असा, की त्याच दिवशी थॉमसन यांच्या गटाचाही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०१२मध्ये यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळालं.

आता भ्रूण नको, स्त्रीबीज नको. वाद संपला, असं अनेकांनी लिहिलं.

भ्रूणाबद्दलच्या त्या अस्वस्थपणाचं ऋण मी मान्य करते. यामानाकांना ती टोचणी नसती तर त्यांनी हा मार्ग कदाचित शोधलाही नसता. पण त्या वर्षांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली घटना पुढची आहे. सप्टेंबर २०१४मध्ये कोबेत मासायो ताकाहाशी यांच्या गटाने अशा पेशींपासून बनवलेला पातळ पडदा पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला. सत्तरीतल्या बाई, दृष्टी जात चाललेली. त्यांची दृष्टी आणखी बिघडली नाही. मग दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयार झाल्या, तपासणीत त्यांच्या जनुकांत काही बदल दिसले, आणि २०१५मध्ये त्यांनी प्रयोग थांबवला. कॅन्सर होईलच असं नव्हतं. शंका होती, म्हणून थांबले.

ज्यांना हा विषय खरंच कळतो ते एका डोळ्यासाठी इतके घाबरतात. ताईला फोन करणारं क्लिनिक पाच वर्षांच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात सुई घालणार होतं आणि हप्त्यांची सोयही देत होतं.

दोन प्रश्न

भारतात भ्रूणावरून अमेरिकेसारखं भांडण कधी झालं नाही. आपली अडचण वेगळी होती, आणि ती एका शब्दात दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, जैवतंत्रज्ञान विभागासोबत २००७मध्ये स्टेम सेलबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. नावात 'संशोधन आणि उपचार' असं होतं. २०१३च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द नावातून काढून टाकला. उपचार म्हणावं असं काही अजून सिद्धच झालेलं नाही, फक्त रक्ताच्या काही आजारांतलं मगजाचं प्रत्यारोपण सोडून. २०१७च्या आवृत्तीतही तेच: ते सोडून माणसावरचा स्टेम सेलचा प्रत्येक वापर हा प्रयोग समजायचा, परवानग्या घेऊन, नोंदणी करून करायचा. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. दोन महिने जे शोधत होते ते सरळ 'इफ-एल्स'मध्ये मांडता येत होतं. हा उपचार आहे असं क्लिनिक म्हणत असेल, तर सेरेब्रल पाल्सीसाठी तो मान्य नाही. हा प्रयोग आहे असं म्हणत असेल, तर पैसे मागता येत नाहीत. तिसरी फांदीच नाही.

मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे फट राहते आणि त्या फटीत दुकानं चालतात. पण ताईच्या प्रश्नाला एवढं पुरेसं होतं. मी दाजींना फोन केला आणि म्हटलं, "तुम्ही त्यांना दोनच गोष्टी विचारा. ही ट्रायल आहे का? असेल तर सरकारी नोंदणीचा नंबर द्या म्हणावं, आणि मग पैसे कसले घेता?"

दाजींनी विचारलं. समोरून उत्तर आलं, "ट्रायल नाही सर, ट्रीटमेंट आहे." मग दाजींनी सेरेब्रल पाल्सीसाठी मान्यता आहे का विचारलं, तर फोन 'सीनियर डॉक्टरांकडे' गेला आणि तिथून परत आलाच नाही.

आपण जिंकलो असं मला अर्धा दिवस वाटलं. संध्याकाळी दाजींचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. "तू म्हणतेस ते बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मग आम्ही काय करायचं? काहीच न करता बसायचं?"

चाळीस वर्षांच्या वादात याचं उत्तर मला सापडलं नव्हतं. मी नुसती "हं" म्हणाले. नंतर कितीतरी दिवस त्यांनी मला स्वतःहून फोन केला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. व्हिडिओतली ती चालणारी मुलं त्यांच्याकडून मीच काढून घेतली होती.

एफडी मोडली नाही. तिच्या व्याजातून आता आठवड्याला तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येतात. दिवाळीत गेले तेव्हा भाच्यासाठी मापाने बनवून घेतलेली खुर्ची आली होती, छातीला आणि मानेला आधार देणारी. तो तिच्यात बसून आमच्याबरोबर पंगतीला होता. दाजी त्याला करंजीतलं सारण बोटाने भरवत होते. मला बघून म्हणाले, "ये, बस. गाणं लाव त्याचं."

मी चुकीचं लावलं. तो चिडला.